माझ्या वाटणीचा घोट

आमची कंपनी शांतिसेनेवर काँगोत होती तेव्हा मी हवालदार होतो. कॅम्प पूर्वेकडच्या डोंगरात, एका उतारावर. सकाळी सहाला फॉल-इन, साडेसहाला चहा, सातला पेट्रोल, म्हणजे गस्त. मी सांगोला तालुक्यातला माणूस. जन्मभर माळरान आणि शेळ्या-मेंढ्या बघितलेल्या. कॅम्पवर दहा वाजेपर्यंत धुकं उठायचं नाही. धुक्यात गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, पण गायी दिसायच्या नाहीत. पहिले बरेच दिवस मला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक सिद्धाराम होता, होटगीचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि जेवायला बसला की कुठलीच भाषा नाही. परेडवर मला हवालदारसाब म्हणायचा, एरवी बिरूअण्णा. "बिरूअण्णा, हितलं हिरवं बगून डोळं दुकाय लागलं की," हे त्याचं रोजचं. मी त्याला गप्प बस म्हणायचो. तो बसायचा नाही.

कॅम्पपासून दीड तासावर एका टेकडीवर फळ्यांची शाळा होती. टोळ्यांच्या मारामारीत ती बंद पडली होती. तिथले मास्तर आमच्या कॅप्टनसाहेबांकडे आले. म्हणाले, वर्दीतल्या कुणावरच गावाचा भरवसा उरलेला नाही. तुमचे जवान एकदा पाहुणे म्हणून येऊ देत, आमच्या हातचं घेऊ देत. गाव बघेल आणि मग पोरं पाठवायची की नाही ते ठरवेल.

साहेबांनी मला पाठवलं. ऑर्डर एका ओळीची होती. "बिरू, जो मिले ले लेना. मना मत करना."

साडेदहाला पोचलो. रायफली बाहेर दोघांच्या पहाऱ्यात ठेवल्या आणि आम्ही सहा जण आत गेलो. पोरांच्या बुटक्या बाकांवर बसलो, गुडघे हनुवटीला लागत होते. सगळं गाव दारात आणि खिडक्यांत उभं होतं. मास्तरांची म्हातारी आई पुढे आली. तिच्या हातात लांब मानेचा, वाळवून पोकळ केलेला भोपळा होता, दुधाने भरलेला. गस्तीचा प्रमुख म्हणून ती आधी माझ्यासमोर थांबली. तिने भोपळा स्वतःच्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि ओठ लागलेली तीच कड माझ्याकडे केली.

मी भोपळा घेतला, पण हात वर जाईना. आमच्याकडे पाहुण्याला उष्टं देत नाहीत. आई तांब्या घासून, पुसून, वर फुलपात्र घालून पाणी आणायची. जाणूनबुजून उष्टं दिलं तर तो अपमान, हे मला पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकवलेलं. ऑर्डर डोक्यात होती, तरी हात जागचा हलला नाही. खिडकीतून धुक्याचा एक लोट आत आला. म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळताना मी बघितलं. त्याची मला अजून लाज वाटते.

"आना हिकडं," शेजारून सिद्धाराम म्हणाला. त्याने भोपळा माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याच कडेने निम्मा रिकामा केला. मिशीला लागलेलं दूध पुसलंसुद्धा नाही. तसाच उठून म्हातारीच्या पाया पडला. आधी ती हसली, मग सगळं गाव हसलं.

आमच्यासोबतच्या दुभाष्याने नंतर सांगितलं, इकडे यजमान पहिला घोट स्वतः घेतो. यात विष नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं.

मग मीही प्यायलो. दूध दाट होतं, जरा आंबूस, आणि त्याला धुराचा वास होता. आमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर तीन दगडांच्या चुलीवर तापवलेल्या दुधाला यायचा तोच. पुढे उकडलेली केळी आली, घेवडा आला, पोरांनी गाणी म्हटली. संध्याकाळी सिद्धारामने आईला फोन लावला आणि कानडीत सांगत पोट धरून हसला. मला त्यातलं माझं नाव तेवढं कळलं.

पुढच्या सोमवारी शाळा उघडली.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. आमच्या दोन गाड्या शाळेवरून परतत होत्या. मी पुढच्या गाडीत, सिद्धाराम मागच्या. शाळा सुटली होती आणि पोरं रस्त्याने घरी चालली होती. सोळा वीसला डाव्या टेकडीवरून फायर आला.

मी रेडिओवर कॅम्पला कळवलं. तेवढ्यात सेटवर सिद्धारामचा आवाज आला, साध्या मराठीत. "अण्णा, पोरं हायत रस्त्यावर."

"गाडीतच थांब. ओव्हर."

उत्तर आलं नाही. तो उतरला होता. मी वळून बघितलं तेव्हा तो पोरांना एकेक करून रस्त्याकडेच्या चरात ढकलत होता, पाण्याला घाबरणारी कोकरं ढकलावीत तसा. अकरा मिनिटांनी फायर थांबला. एकाही पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सिद्धारामला मानेत गोळी लागली होती. धुकं उतरलं होतं, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. सतरा दहाला तो गेला. मास्तरांची आई गावातून धावत आली होती, गाडी निघेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

त्याच्या देहासोबत होटगीला दुसरा जवान गेला. मी तिकडेच राहिलो. खरं सांगायचं तर त्याच्या घरी तोंड दाखवायला नको म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. तो घोट माझा होता, त्याने घेतला. पुढचंही माझ्याच वाट्याचं होतं, तेही त्यानेच घेतलं, असं डोक्यात बसलं ते बसलंच.

आता मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दिवसभर मागांची खडखड कानात असते. दुपारी ती ऐकता ऐकता कधीकधी गायींच्या घंटा ऐकू येतात. होटगी इथून हाकेच्या अंतरावर. तरी तिथे जायला मला तीन वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात गेलो. सिद्धारामची अव्वा, म्हणजे आई, ओट्यावर तूर पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"शाळा हाय का चालू?"

"हाय, अव्वा. मास्तर फोटो पाठवत्यात."

"मग झालं," ती म्हणाली आणि आत गेली. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तीच कड माझ्याकडे केली.

"सिद्धू फोनवर सांगत हुता तुजं. लई हसला त्या दिवशी. तितकं हसताना पुन्ना न्हाय ऐकला त्याला." मग म्हणाली, "घे बाळा. विष न्हाय त्यात."

मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. या वेळी हात अडला नाही. तळापर्यंत प्यायलो.