गणपतीतली मोजणी

जयवंत घाडी पहिल्यांदा दिसले तेव्हा मी त्यांना आरोग्यमंत्रीच समजलो. काळाचौकीच्या त्या सरकारी कार्यालयाच्या दारात पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून ते उभे होते आणि एका आवाजात साठ माणसांची रांग, दोन कुत्री आणि पाण्याचा एक टँकर वळवत होते. मी मामांच्या नावनोंदणीचा कागद घेऊन मध्येच घुसलो, तर असे ओरडले की लोअर परळच्या काचेच्या इमारतींत मिटिंगा थांबल्या असाव्यात. ओरडून झाल्यावर पंधरा मिनिटं खोकत बसले.

तेही रांगेतलेच. गिरणीत तीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेली फुप्फुसं दर महिन्याला इथे दाखवली, की औषधाची चिठ्ठी मिळायची. स्वतः येणं सक्तीचं.

ऑगस्टमध्ये दारावर सूचना लागली. कार्यालय इथेच ठेवायचं की मुरबाडच्या पुढे सरकारी जागेत न्यायचं, हे येणारी माणसं मोजून ठरणार होतं. मोजणी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

"मोजू दे की! बोटं संपतील साहेबांची," जयवंतराव खूश.

त्यांची बायको रखमा म्हणाली, "अवो, तेव्हा गणपती असत. सगळी लाइन गावाक जातली. तुमी तरी हंयच रवा."

"गो, गणपतीत कोण मोजता? मोजणारो पण गावाकच जातलो!"

रांगेला हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

मोजणारे अकोल्याचे निघाले. सातही दिवस वेळेवर आले. रांग तेव्हा कणकवली-राजापूरला आरत्या म्हणत होती. रोजची सरासरी भरली चार माणसं, त्यांतली दोन मंडळाची वर्गणी मागायला आलेली. अहवालात शेरा पडला, 'शहरी भागात गरज आढळली नाही.'

परतल्यावर जयवंतराव चिठ्ठ्या देणाऱ्या अनुजाबाईंच्या खिडकीशी उभे राहिले. आवाज खाली आला होता. "अनुजा मॅडम, परत मोजा ना. मी आणतो माणसं."

"काका, आता पाच वर्षांनी मोजणी."

"तोवर मी काय करू?"

अनुजाबाईंनी नव्या पत्त्याचा कागद पुढे सरकवला.

कल्याणपर्यंत गाडी, पुढे एसटी, मग दीड किलोमीटर चढ. ऑक्टोबरात चढावर तीनदा बसून ते पोहोचले. नोव्हेंबरात अर्ध्यातून परतले. डिसेंबरात रखमा एकटी गेली. पेशंट समोर नाही म्हणून चिठ्ठी मिळाली नाही.

जानेवारीत जयवंतराव वारले.