आउटबॉक्समध्ये अडकलेली एकोणीस घरं

अन्याय झाला तो डोंगरातल्या एका ठाकरवाडीच्या एकोणीस घरांवर, श्रावणातल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वाबारा वाजता. केला मी. पत्रकं लिहून लिहून दुसऱ्यांवर बोट दाखवायची सवय लागली आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

वाडीच्या झऱ्याकडं जाणाऱ्या पायवाटेवर एका बंगलेवाल्याला कुंपण घालायचं होतं. हरकती तहसील कचेरीत, ईमेलनं, सोमवारी पाचपर्यंत. मुदत चुकली की वाट गेली. आमच्या संघटनेची खोली लोणावळ्यात, पिठाच्या गिरणीवर. तिथं एक जुना डेस्कटॉप. घरटी एक अर्ज, खाली अंगठा, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. मी एकेक पाठवणार होते. वाडीतली थोरली मावशी ऐकेना.

"आमी कचेरीत एकटं कवाच जात न्हाई. एकट्याला हाकलत्यात. समदे कागद संगट जाऊ दे."

मला ते घोषणेसारखं आवडलं. एकोणीस फोटो एकाच मेलला जोडले, 'पाठवा' दाबलं आणि पत्रक लिहायला बसले. मधूनमधून पडद्यावर एक चौकट उगवायची. मी न वाचता मिटवायची. खाली जातं घरघरायचं, खिडकीतून धुकं आत यायचं, की-बोर्डवर पीठ बसायचं. डोळा लागायचा तेव्हा दिसायचं, एकोणीस माणसं धुक्यातून रांगेनं खाली उतरतायत, पावलांचा आवाज नाही, कुणी मागं वळून बघत नाही. पोचली असतील, असं वाटून बरं वाटायचं.

सोमवारी दुपारी मावशी पोहोच मागायला आली. कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, असा मेलच नाही. मी त्याला यथेच्छ झापलं. दडपशाही हा शब्द दोनदा वापरला. मग पुरावा काढायला मेलचा प्रोग्राम उघडला. पुरावा आउटबॉक्समध्ये होता. चार दिवस तिथंच. या वेळी चौकट वाचली: मेल फार मोठा आहे, सर्व्हर घेत नाही.

"म्हंजी आमी अजून हितंच हाय व्हय?" मावशी म्हणाली. "आन् तू त्या बिचाऱ्यावर भुकतीस!"

आधी प्रोग्राम ऑफलाइन केला, त्याशिवाय तो मेल हलू देईना. मग ओढून मसुद्यांत टाकला. फोटो लहान केले तर अंगठ्याच्या रेषा विरघळल्या, नुसता निळा ढग राहिला. म्हणजे तोडूनच पाठवायचं.

"एकेक नगं. जोडीनं धाड," मावशीनं बजावलं आणि जोड्या लावल्या. कुणाला व्याह्याबरोबर, कुणाला भावजयीबरोबर. "ह्या दोघांना संगट नगं, वाटंतच भांडतील." शेवटी तिघं उरले, ते एकत्र. पुन्हा ऑनलाइन. नऊ मेल. हिरवी पट्टी इतकी सावकाश सरकत होती की मावशी तिच्याकडं ओढ्याच्या पाण्याकडं बघावं तशी टक लावून बसली. मीही बसले. गिरणी बंद झाली तरी पट्टी सरकतच होती.

पाचला सात मिनिटं असताना आउटबॉक्स रिकामा झाला. मी कारकुनाला पुन्हा फोन केला. आधी माफी, मग चौकशी. "नऊच्या नऊ आलेत," तो म्हणाला, "आवाज जरा कमी ठेवत चला, ताई."

कुणाचं तरी पत्र पाठवायचं तुम्हीही अंगावर घेतलं असेल. मग हे वाचणं इथंच थांबवा, आउटबॉक्स उघडा, चौकटीत काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचा, आणि पत्र पोचल्याचं समोरच्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय 'पाठवलं' म्हणू नका.