हातांवरचा रुमाल

मेश्रामबाई टाईप करताना स्वतःच्या हातांवर रुमाल टाकायच्या. मोठा, पांढरा, पुरुषी रुमाल, कडेला निळी रेघ. यंत्रापुढे बसल्या की आधी तो झटकायचा, मग दोन्ही हातांवर पसरायचा, आणि मग त्याच्याखाली दोन उंदीर शिरल्यासारखी धावपळ सुरू. नजर मात्र समोरच्या कागदावर. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. जानेवारीतलं नोएडा, वाजणारच. मी मोठ्या काळजीने विचारलं, "बाई, हीटर लावू का?"

"थंडी नाही हो बाप्पा," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरला टायपिंगच्या क्लासमध्ये आमचे सर हातांवर लाकडी फळी धरायचे. अक्षरं बघून मारायची नाहीत म्हणून. तिथे फळी होती, इथे रुमाल आहे. डोळा पाहुणा असतो, हात घरचा माणूस."

हे शेवटचं वाक्य मी पुढच्या काही वर्षांत किमान हजारदा ऐकलं. भाजीत मीठ न बघता कसं टाकता, डोळा पाहुणा. बसमध्ये पर्समधून अचूक पास कसा निघतो, डोळा पाहुणा.

तेव्हा देशाची दारं नुकतीच जगाला उघडली होती आणि जो तो सॉफ्टवेअरची कंपनी काढत होता. आमची कंपनी नोएडाच्या एका सेक्टरमधल्या दुमजली घरात होती. वर मालक भाटियासाहेब राहत, खाली आम्ही. समोर रिकामे प्लॉट, त्यांत म्हशी, आणि लांबवर कुठल्या तरी टॉवरचा सांगाडा. आम्ही आठ इंजिनियर आणि टायपिस्ट एकट्या बाई. मी पुण्याचा, करोल बागेत एका खोलीत राहायचो. बाईंचे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत, घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात. तिथून त्या चार्टर्ड बसने दीड तास हेलकावे खात यायच्या आणि उतरल्या की पहिलं वाक्य, "काय पुणेकर, काय करून राहिलात?"

दिवसातून चारदा लाइट जायची. लाइट गेली की आम्ही आठही जण हात वर करून चहाला. आतल्या अंधाऱ्या खोलीतून मात्र खट खट खट आवाज चालूच. एकदा भाटियासाहेब मेणबत्ती घेऊन धावत आत गेले तर बाई वैतागल्या. "साहब, ये हटाइए, कागज़ जल जाएगा." अंधारात त्यांनी आख्खं पत्र संपवलं होतं. मजकूर आधी एकदा वाचून डोक्यात ठेवलेला. चूक एकही नव्हती.

त्यांच्या टेबलाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कात्री उजवीकडे, गोंद डावीकडे, सहीच्या कागदांचं पॅड मधोमध. मी एकदा गंमत म्हणून स्टेपलर चार बोटं सरकवला. बाईंचा हात जुन्या जागी गेला, रिकामा परत आला. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "पुणेकर, माझा माणूस घरातून पळवलात. परत आणून ठेवा." मी मुकाट्याने ठेवला.

मग बाईंच्या टेबलावरचा टाइपरायटर जाऊन तिथेही कॉम्प्युटर आला, आणि बाईंना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा दीडशहाणा. "बाई, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि तसं करा, सोप्पं आहे." बाई ऐकून घ्यायच्या आणि लाल कापडी बांधणीच्या सरकारी रजिस्टरात भलतंच लिहून घ्यायच्या. एक दिवस मी ते रजिस्टर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पानंच्या पानं अशी: 'खालच्या पट्टीत डावा कोपरा. वर चौथं. बाजूला फुटेल, त्यात दुसरं. चौकट आली की खालच्या ओळीत डावीकडून पहिलं बटण.'

"अहो बाई, तुम्हाला इंग्रजी येतं ना! सरळ नावं लिहा की!"

"नावं बदलतात," बाई म्हणाल्या. "सरकारात तीस वर्षांत मिस्टरांच्या खात्याचं नाव तीनदा बदललं. खुर्ची तिथंच आहे."

ऑफिसात आम्ही त्या रजिस्टरची यथेच्छ टिंगल केली. त्यात पुन्हा आमच्या गोदामाच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमबरोबर जे माहितीपुस्तक जायचं, तेही बाईच बनवायच्या, आणि तेही याच थाटात. तिसरं, चौथं, डावीकडून, खालून. कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या नव्या सिस्टिमची एकच इंग्रजी प्रत ऑफिसात आली होती, तीसुद्धा त्या पुस्तकासाठी म्हणून बाईंच्या कॉम्प्युटरवर बसली. प्रत्येक पायरी स्वतः करून पाहिल्याशिवाय त्या पुस्तकात घालत नसत. आम्ही म्हणायचो, हे पुस्तक आहे की लंगडीचा डाव.

असाच एकदा भाटियासाहेबांनी मला वर बोलावलं. मस्कतला एक मोठं गिऱ्हाईक लागत होतं आणि प्रोग्रॅम दाखवायला मी जाणार होतो. विमानाचं तिकीट हातात देता देता ते म्हणाले, "यार, एक बात बता. तुम लोग तो सब खुद टाइप कर लेते हो. मेश्रामजी की अब ज़रूरत है क्या?"

मी काय म्हणालो ते सांगायला आजही जड जातं, पण सांगतो. मी म्हणालो, "सर, वैसे तो नहीं है." पहिल्या परदेश प्रवासाची हवा डोक्यात शिरलेली. बाईंची मुलगी कॉलेजात होती, तिची फी बाईंच्या पगारातून जायची, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही तीन सेकंदांत बोलून मोकळा झालो आणि बॅग भरायला गेलो. निघताना बाईंनी प्रवासासाठी चिवड्याचा डबा दिला. तोही घेतला, लाज वाटली नाही.

मस्कतला पोचल्यावर कळलं की गिऱ्हाइकाच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टिम आहे, आणि माझ्या लॅपटॉपवर जुनी. साहेब फोनवर म्हणाले, "वहीं से डलवा लो." गुरुवारी संध्याकाळी मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, इंग्रजी हवी की अरबी? मी अक्कल पाजळली. गिऱ्हाईक अरबी, मग अरबीच घेऊ, खूश होतील! मला वाटलं, मूळ इंग्रजीच असेल आणि वरून कोथिंबिरीसारखी अरबी भुरभुरवलेली असेल.

शुक्रवारी सकाळी गेस्ट हाउसमध्ये लॅपटॉप उघडला आणि पाचावर धारण बसली. इंग्रजीचा मागमूस नाही. दुकानदाराने जुनं सगळं पुसून नवं घातलं होतं. फाइली तेवढ्या जपल्या होत्या, पण आमचा प्रोग्रॅम गेला होता. त्याच्या फ्लॉपी जवळ होत्या, पण त्या घालून पुढे दाबायचं काय? प्रोग्रॅम बसवायचा, तारखा आणि आकडे इंग्रजी वळणावर आणायचे, प्रिंटर जोडायचा, आणि या सगळ्याची वाट त्या अरबी पाट्यांतून जाणारी. शुक्रवार म्हणजे तिथली सुट्टी, दुकान बंद. दुकानाच्या पावतीवर ठळक इंग्रजीत छापलेलं होतं की एका भाषेवर दुसरी भाषा चढवता येत नाही. इंग्रजी प्रत पडली नोएडात. शनिवारी सकाळी आठला गिऱ्हाईक. गेस्ट हाउसचा मल्याळी स्वयंपाकी फाडफाड अरबी बोलायचा, पण वाचता त्यालाही येत नव्हतं.

मी नोएडाला फोन लावला. भाटियासाहेबांनी पंजाबीत जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "साहब, इधर दीजिए." मग फोनवर बाई.

"काय झालं रे?" 'पुणेकर' नाही, 'अहो' नाही. मी सगळं सांगितलं.

"बरं. रडू नोको. मी माझ्या कॉम्प्युटरपुढे बसते, रजिस्टर उघडते. तू फक्त मी सांगते तिथे जा. वाचायचं नाही. वाचायला लागलास की गेलास. खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण दाब."

"बाई, तिथे घड्याळ आहे."

"घड्याळ उजवीकडे असते."

"इथे डावीकडे आहे. आणि ते बटण उजवीकडे आहे."

पलीकडे रजिस्टराची पानं उलटल्याचा आवाज आला. बाईंचं रजिस्टरसुद्धा गेलं, आता विमानाचं परतीचं तिकीट काढायचं, असं मनात आलं. आणि एकदम बाईंचं हसू ऐकू आलं.

"अरे भैताडा, ते लोक उजवीकडून लिहितात ना! मग घर पण उजवीकडून मांडलं. आरशापुढे भांग पाडतोस ना तू? तसं आहे हे. थांब." मग फोनपासून तोंड लांब करून, "साहब, आपके दराज़ में वो छोटा आईना है ना, कंघी के साथ? लाइए. यहाँ पकड़िए, स्क्रीन के सामने. थोड़ा सीधा, सर. हिलाइए मत."

कंपनीचे मालक भाटियासाहेब त्या दिवशी दीड तास बाईंच्या कॉम्प्युटरपुढे आरसा धरून उभे होते. मला ते दिसत नव्हतं, पण "हाथ दुख गया, मेश्रामजी" आणि "बस दो मिनट, सर" हे स्पष्ट ऐकू येत होतं. बाई आरशात बघून सांगत होत्या. "उजवा कोपरा. वर चौथं. डावीकडे फुटेल. फुटलं? त्यात दुसरं. आता चौकट येईल, खालच्या ओळीत उजवीकडून पहिलं. आलं? नाही आलं? मग तू वाचत होतास. मागे जा, परत कर."

खरंच वाचत होतो. न येणारी लिपीसुद्धा वाचायचा प्रयत्न करत होतो, खोड ती खोड. शेवटी मी पडद्यावर काय लिहिलंय ते बघणं सोडलं आणि फक्त जागा मोजू लागलो. दुपारी आमचा प्रोग्रॅम त्या अरबी लॅपटॉपवर उघडला, आकडे इंग्रजी, तारखा बरोबर. मी फोनवर ओरडलोच. बाई म्हणाल्या, "झालं ना? आता जेव. चिवडा उरलाय का?"

शनिवारी गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम दाखवला. त्यांचा म्हातारा मॅनेजर लॅपटॉपकडे बघतच राहिला. म्हणाला, हिंदुस्थानातून कितीजण आले, पण आमच्या भाषेच्या यंत्रावर चालवून दाखवणारे तुम्ही पहिले. मी गंभीर चेहरा करून मान डोलावली. मग त्याने विचारलं, आमच्या कारकुनांना इंग्रजी येत नाही, ते शिकणार कसे? मी बॅगेतून बाईंचं पुस्तक काढलं. तिसरं, चौथं, खालून, वरून. त्यांच्या दुभाष्याने अर्धं पान अरबीत वाचून दाखवलं आणि मॅनेजर म्हणाला, हे फक्त उजवं-डावं बदलून अरबीत करून द्या, काम तुमचं.

परत आलो तो थेट बाईंच्या टेबलापाशी गेलो. विमानात सगळं घोकून ठेवलं होतं. "बाई, मला काहीतरी सांगायचंय. जायच्या आधी साहेबांनी मला विचारलं होतं, तुमच्याबद्दल..."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. रुमालाखाली बोटं चालूच. "तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी पत्र सांगितलं. मला कामावरून कमी करायचं पत्र. आता ऑफिसात टायपिस्ट एकच, तर टाईप कोण करणार? मीच केलं. त्यात होतं, तांत्रिक विभागाच्या मतानुसार म्हणून. तांत्रिक विभागातून साहेबांनी वर कोणाला बोलावलं होतं, ते मी पाहिलं होतं."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. म्हणजे शुक्रवारी, तो फोन घेताना...

"तुम्हाला फोनच्या वेळी ठाऊक होतं?"

"होतं ना. पत्र सहीच्या पॅडमध्येच पडलं होतं. साहेबांचा हात होत नव्हता, चांगला माणूस आहे."

"मग तुम्ही मला... कशाला..."

बाईंनी पहिल्यांदा बोटं थांबवली. रुमाल काढला, घडी घातली. "पोट्टा परदेशात एकटा रडून राहिला, तर आधी ते पत्र काढून वाचू का?" आणि मग, मी रडायच्या बेतात आहे हे बघून, "बरं, पत्र स्वच्छ टाईप झालं होतं हो. एकही खाडाखोड नाही."

साहेबांनी ते पत्र त्याच दिवशी बाईंसमोर फाडलं. मस्कतचं पुस्तक बाईंनी केलं, मग कुवेतचं केलं, आणि पुढे त्यांच्या हाताखाली तीन मुली आल्या. तिघींच्या हातांवर रुमाल. बाईंची मुलगी शिकून बँकेत लागली. मिस्टर निवृत्त झाल्यावर दोघं चंद्रपूरला परत निघाली, तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी बाईंनी पर्समध्ये न बघता हात घातला आणि चार घड्या घातलेला एक पातळ कागद माझ्या हातात ठेवला. त्या पत्राची ऑफिस कॉपी. सरकारी क्वार्टरातली बाई, फाइलला कॉपी लावल्याशिवाय राहते होय?

"मूळ पत्र साहेबांनी फाडलं. ही तुझी. राग म्हणून देत नाही हं, जपून ठेव," त्या म्हणाल्या. "उद्या तूही साहेब होशील."

झालो. आता गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर बसतो. वर्षातून एकदा वरून एक यादी येते, दहाबारा नावांची, पुढे रकाना, 'यांची गरज आहे का? मत द्या.' माणसं ओळखीची असतात, घाई असते, आणि तीन सेकंदांत लिहून मोकळं होता येतं. अशा वेळी माझा हात टेबलाच्या डावीकडच्या दुसऱ्या ड्रॉवरकडे, त्या चार घड्यांच्या कागदाकडे जातो. बघावं लागत नाही.