शालनकाकूंचा नळ आणि माझी रबरी चप्पल

शालनकाकूंच्या स्वयंपाकघराचं अर्थिंग मी नळाच्या लोखंडी पायपाला बांधलं होतं. खड्डा खोदायचा कंटाळा, दुसरं काही नाही. पाईप जमिनीत जातोच, मग आपण कशाला कुदळ मारायची?

अर्थिंग म्हणजे प्लगमधली ती जाड तिसरी पिन. उपकरणात करंट फुटला तर तो माणसातून न जाता वायरीतून जमिनीत जावा, एवढंच तिचं काम. दहा वर्षं निभलं. यंदा घटस्थापनेआधी काकूंनी किचन नवं केलं. तिसऱ्या माळेला तामलवाडीहून त्यांचा फोन.

"नळ झिणझिण करतोय रे. हात लावू देईना."

गेलो. खिशात टेस्टर होता. पण अनुभवी माणूस ना मी! सरळ नळ धरला. काही नाही.

"काकू, वहम आहे. उपासानं हात झिणझिणतात."

"उपास माझा, अन् डोकं तुझं फिरलंय व्हय? पायात काय हाय? घट बसलेत घरात. चप्पल काढ आधी!"

काकू नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असतात. मी रबरी चप्पल दाराबाहेर ठेवली, ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि थाटात पुन्हा नळ धरला. दुसऱ्या क्षणी मी फ्रिजपाशी बसलेलो, हातातली पक्कड पिठाच्या परातीत.

"बसला का वहम?"

मेन स्विच पाडला, तेव्हा लक्षात आलं. तीन दिवस काकू इथंच उभ्या होत्या. ओल्या हातानं, अनवाणी.

ओट्याखाली वाकलो. किचन नवं करताना प्लंबरनं जमिनीतला पाईप काढून प्लास्टिकचा टाकलेला. नळापाशी वीतभर लोखंड उरलेलं आणि माझी वायर त्यालाच इमानदारीनं धरून बसलेली. फ्रिजमागं उंदरानं वायर कुरतडली होती. तो करंट तिसऱ्या पिनेतून निघायचा आणि जमीन सापडेना म्हणून नळात मुक्काम करायचा. प्लंबरला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण पायपाला वायर कुणी बांधली हे काकूंना पाठ होतं.

दुपारभर परसात खड्डा खोदला. कोळसा, मीठ, इलेक्ट्रोडची सळई, सगळं रीतसर; अर्थिंगची वायर नळावरून सोडून तिला जोडली. फ्रिजची वायर बदलली. करंट गळताच लाइन तोडणारा आरसीसीबी बसवला. मग मेन स्विच चालू करून नळाला टेस्टर लावला. पेटला नाही.

"टेस्टर ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "तू धर. अनवाणी."

धरला. डोळे मिटून. काही झालं नाही. टेस्टर खिशात मिरवायला नसतो, हे मला पन्नाशीत कळलं.

तेवढ्यात शेजारच्या सुमनताई दारात. "काकू, कसाय ओ ह्यो वायरमन? आमचंबी किचन काढायचंय."

"काम बरं करतंय," काकू म्हणाल्या. "फकस्त आधी अनवाणी उभा कर, मग काम करून घे."