उताऱ्यानुसार

काजूच्या बोंडाचा काहीच उपयोग नसतो, हे इंग्रजीत छापलेलं वाचून मला हसू आवरेना. बँकेच्या भरती परीक्षेसाठी मी सरावाचं जाडजूड पुस्तक घेतलं होतं, त्यातला हा उतारा. कुठल्याशा दूरच्या देशातले शेतकरी बी काढून घेतात आणि बोंडं झाडाखाली कुजायला टाकून देतात, एवढीच त्यातली हकिकत. खाली प्रश्न होता, बोंडाचं काय केलं जातं? चार पर्यायांत 'त्यापासून पेय तयार करतात' असाही एक होता. मी बेधडक त्यावर खूण केली. डिचोली तालुक्यात जन्म काढलेल्या माणसानं दुसरं काय करावं? आमच्याकडे एप्रिलात रस्त्यानं जाताना नुसत्या वासावरून कळतं, कुणाची भट्टी पेटली आहे ते.

उत्तर चुकलं. क्लास डिचोलीच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणारे सर बेळगावकडचे, शांत स्वभावाचे. मी त्यांच्याशी पंधरा मिनिटं वाद घातला. बोंडाची फेणी होते, तिच्याआधी पहिल्या धारेचा हुर्राक होतो, आमची अर्धी वाडी उन्हाळ्यात त्यावर जगते, मग माझं उत्तर चूक कसं? सरांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि प्रश्नातल्या पहिल्या चार शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. त्यांचा अर्थ 'उताऱ्यानुसार' असा होता. तुला काय ठाऊक आहे हे इथं विचारलेलंच नाही, असं ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नदीचा उतारा आला. नदी डोंगरातून समुद्राकडे एकाच दिशेनं वाहते, असं त्यात होतं. आमचं घर नार्व्याला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. भरतीला पाणी उलटं फिरून वर चढतं आणि फेरीबोट वाकडी होऊन धक्क्याला लागते, हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलेय. तिथंही मी चुकले. त्या दिवशी वाद घातला नाही, पण बसमध्ये सगळा रस्ताभर मनातल्या मनात त्या लेखकाशी भांडत आले. भांडकुदळपणा माझ्या अंगातच आहे, आई म्हणते आत्यावर गेलेय.

गंमत म्हणून सांगतेय, पण तेव्हा गंमत नव्हती. क्लार्कच्या जागेसाठी मी दोनदा परीक्षा दिली होती. दोन्ही वेळा पूर्वपरीक्षा पार करून मुख्य परीक्षेत आपटले, आणि दोन्ही वेळा इंग्रजीनंच पाडलं. गणितात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. व्याकरणही घोकून घोकून बऱ्यापैकी झालं होतं. वाक्यातली चूक शोधा म्हटलं की भातातला खडा निवडावा तशी मी ती शोधायची. पण उतारा आला की माझ्या नाकी नऊ यायचे. आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी होती. ती हुकली असती तर बाजारातल्या औषधांच्या दुकानात मी जे काउंटरवर उभी राहायचे, तिथंच कायमची उभी राहिले असते. ते काम वाईट नव्हतं. पण मला ही नोकरी हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती, आणि ते मी कुणाला मोकळेपणानं सांगत नव्हते.

कळलं होतं ते फक्त बाबांना. बाबा मूळचे पेडण्यातल्या चोपड्याचे. तरुणपणी खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आले ते इकडचेच झाले. बोली मात्र पेडण्याचीच राहिली. खाणीवरून लोहखनिज भरायचं, वजनकाट्यावर तोलायचं, धक्क्यावर बार्जसाठी ओतायचं, की परत खाणीवर, असं त्यांनी पंचवीस वर्षं केलं. मग खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. तीन पावसाळे तो तसाच होता, त्याच्या हौद्यात गवत उगवलं. त्यानंतर बाबांनी काय केलं ते सांगायलाच हवं. पन्नाशी उलटलेला हा माणूस वीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून पाण्याचे पंप दुरुस्त करायला शिकला. पोरं त्यांना 'अंकल' म्हणायची. वायरिंगची आकृती वहीत काढताना त्यांची रेघ वाकडी जायची, कारण स्टिअरिंग सोडून हातात दुसरं काही धरायची सवयच नव्हती. आता आसपासच्या कुळागरांत सुपारीला पाणी लावणारे निम्मे पंप त्यांच्या हातचे आहेत.

संध्याकाळी दुकानातून आले की मी घराच्या सोप्यावर बसून उतारे मोठ्यानं वाचायची. बाबा समोरच्या कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसून पंपाचं काहीतरी उघडून साफ करत असायचे. इंग्रजी त्यांना कळायचं नाही, पण वाचून झालं की विचारायचे, काय म्हणतं गो हे? मग मी मराठीत सांगायची. एका दीपगृहावर एकटी राहणारी बाई. मधमाश्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. दोन देशांच्या मध्ये असलेलं एक बेट, जिथले लोक दोन घड्याळं वापरतात. बाबांना ही माणसं खरी वाटायची. दीपगृहावरच्या बाईला भाजी कोण आणून देतं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. उताऱ्यात ते नव्हतं. उताऱ्यांना शेंडा ना बुडखा. कुठूनतरी कापून आणलेले असतात, आणि जिथं आपल्याला रस वाटायला लागतो नेमके तिथंच संपतात.

बाबांमुळे मलाही तो नाद लागला. अभ्यासाचा वेळ मोडून मी मोबाइलवर त्या बाईचा शोध घ्यायची. एकदाही काही सापडलं नाही. मला प्रश्न पडायचा, हे उतारे लिहितं कोण? पगार घेऊन कुणीतरी टेबलावर बसून लिहीत असेल, की कुठल्या जुन्या मासिकातून उचलत असेल? बोंडाचा उतारा लिहिणाऱ्यानं काजूचं झाड बघितलं तरी असेल का? सरांना विचारलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि परीक्षेतही तो येणार नाही.

बोंडाचं आणि नदीचं प्रकरण मी बाबांना रागारागानं सांगितलं, तेव्हा त्यांना त्यात रागावण्यासारखं काही दिसेना. ते वजनकाट्याचं सांगू लागले. पावसाळा तोंडावर आला की माल ओला व्हायचा. तीच गाडी, तेवढाच ढीग, पण काटा जास्त दाखवायचा. त्यातलं पाणी किती आणि माल किती हे ड्रायव्हरला गाडी चढावर लागली की कळायचं. पण धक्क्यावरच्या माणसानं विचारलं तर आपला अंदाज सांगायचा नाही, असा रिवाज होता. नवे ड्रायव्हर अंदाज सांगायचा शहाणपणा करायचे आणि मग फेरतपासणीसाठी गाडी बाजूला उभी करून ताटकळत बसायचे.

"काट्यार चिठी गावता," बाबा म्हणाले. "तिच्यात जा आसा ताच सांगूचा. आपणाक काय ठावक आसा, ता आपल्या खिशात."

सरांनी पेन्सिलीनं जे सांगितलं तेच हे होतं, पण मला ते या वाटेनं कळायचं होतं. त्या दिवसापासून उतारा वाचायला घेतला की मी आधी मला ठाऊक असलेलं सगळं खिशात घालायची. अगदी कुर्त्याच्या खिशावर हात ठेवायची, म्हणजे आठवण राहावी. दहातली चार उत्तरं बरोबर यायची ती सात झाली, मग आठ. सर खूश झाले. मी जरा जास्तच खूश झाले.

मुख्य परीक्षा पणजीच्या जवळ एका कॉलेजात होती. संगणकावर एक एक प्रश्न सोडवत मी इंग्रजीपर्यंत पोचले, उतारा उघडला आणि पहिल्या ओळीतच थांबले. नदीकाठचा खाणीचा प्रदेश होता. गावाचं, राज्याचं नाव नव्हतं, पण लाल धूळ होती, रांगेनं जाणारे ट्रक होते, बार्ज होते. आणि खाणी बंद झाल्यानंतरची हकिकत होती. एवढे दिवस दीपगृह आणि मधमाश्या वाचल्या, आणि आता एकदम आमचं अंगण पडद्यावर आलं. मला आनंदच झाला. पुढं काय लिहिलं असेल म्हणून मी घाईघाईनं वाचत गेले.

शेवटून तिसरी ओळ अशी होती की ट्रकचालकांना सोप्या कमाईची सवय लागलेली असल्यामुळे नवं काही शिकायची त्यांची तयारी नव्हती. त्यावरच प्रश्न होता. उताऱ्यानुसार, चालकांची परिस्थिती का सुधारली नाही? त्यांना शिकायची संधी मिळाली नाही, हा एक पर्याय. त्यांचं वय झालं होतं, हा दुसरा. त्यांची शिकायची तयारी नव्हती, हा तिसरा. चौथा आता आठवत नाही. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं. मी तिसऱ्यावर खूण केली. खूण काढून टाकली. पुन्हा केली, आणि पुढच्या प्रश्नावर गेले. हे सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम असेल. अजूनही आठवलं की कानशिलं तापतात.

घरी आले तेव्हा बाबा वाटच बघत होते. पेपर कसा गेला हे त्यांनी नंतर विचारलं, आधी विचारलं ते उतारा कसला होता. मी मधमाश्यांचा म्हणून सांगितलं. मग पुन्हा मधमाश्या कशा, असं ते म्हणाले, आणि मी आत निघून गेले. तोवर मी त्यांना एकही उतारा खोटा सांगितला नव्हता.

निकाल लागला आणि यादीत मी होते. आईनं देवापुढे साखर ठेवली. शेजारणी येऊन गेल्या. नंतर गुण समजले तेव्हा दिसलं की एका प्रश्नाचं उत्तर जरी इकडचं तिकडं झालं असतं, तरी मी यादीच्या बाहेर गेले असते. तो आकडा मी तीन-चार वेळा बघितला. नोकरी मिळाल्याचा आनंद होताच, खोटं कशाला सांगू, पण तो आकडा मी घरात कुणाला दाखवला नाही.

दोन दिवसांनी बाबा सोप्यावर एकटे होते तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. उतारा जसाच्या तसा मराठीत सांगितला, ती ओळही, आणि मी कशावर खूण केली तेही. बाबा हातातला पाना पुसत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला.

"म्हणजे मी शिकूक तयार नव्हतंय," ते म्हणाले, "म्हणान तुका नोकरी गावली?"

आणि हसायला लागले. खूप हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. बरोबर केलंस, दुसरं काही केलं असतंस तर मीच रागावलो असतो, असंही म्हणाले. मला हसता आलं नाही. आवाज ऐकून आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. बाबांनी लगेच डोळे पुसले. काही नाही, पोरगी पास झाली त्याचंच बोलत होतो, असं त्यांनी तिला सांगितलं.

आई आणि बाबा एकमेकांपासून काही लपवत नाहीत. चहात साखर कमी पडली तरी त्यावर दोघांचं बोलणं होतं. मला बँकेत लागून आता दोन वर्षं होत आली. त्या उताऱ्यात काय लिहिलं होतं, हे बाबांनी आईला अजून सांगितलेलं नाही.