टाकळकर मास्तरांचा खंजीर

देवळात गेलं की बाकीचे लोक देवाच्या मुखाकडे बघत. टाकळकर मास्तर द्वारपालाच्या कमरेकडे बघत. तिथे दगडात खंजीर कोरलेला दिसला की टोपी खिशात जायची, चष्मा कपाळावर चढायचा आणि मास्तर सरळ द्वारपालाच्या पायाशी उकिडवे बसायचे. पुजारी तीर्थाची पळी घेऊन मागे ताटकळत उभा. "थांबा हो महाराज, आधी याची मूठ पाहू द्या," असं ते मागे वळूनही न बघता म्हणत.

मेहकरच्या शाळेत ते इतिहास शिकवत आणि मी चित्रकला. एकदा स्नेहसंमेलनात मुलं रोमन साम्राज्याच्या शेवटच्या दिवसांवर नाटुकलं करणार होती. शिपायांसाठी मी लाकडाचे रुंद पात्याचे छान खंजीर कापून रंगवले होते. मास्तरांनी तालीम थांबवली.

"हा खंजीर याच्या खापरपंज्याच्या वेळचा हाय. याच्या काळापर्यंत तो मोडीत निघाला होता. याले एका धारेची सुरी द्या."

"बघणाऱ्यांना काय कळतंय मास्तर?" हेडमास्तर वैतागले.

"त्याहिले कळत नाही, म्हनूनच आपन खरं दाखवाचं."

मी सगळे खंजीर पुन्हा कापले. रागावलो होतो, पण त्याच दिवसापासून आमची मैत्री जुळली. रोमच्या शिपायाचं सगळं त्यांना पुस्तकांतून मिळे. ती पुस्तकं ते पदरमोड करून नागपूरहून मागवत. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "तिकडच्या शिपायाच्या कमरेले काय होतं ते मले मेहकरात बसून सांगता येते. पन जुन्या काळी आपल्या इथल्या शिपायाच्या कमरेले काय होतं, ते कोनालेच माईत नाही. हे बरं दिसते का?"

म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही गावोगावचे वीरगळ धुंडाळायचो. लढाईत पडलेल्या वीरांचे ते कोरीव दगड कुठे पाणवठ्यावर, कुठे गोठ्याच्या भिंतीत सापडत. मास्तर माती झाडत, मी चित्र काढी. पण सगळा मामला दगडाचा. खरा, लोखंडाचा खंजीर त्यांना कधी दिसला नव्हता.

तो दिसला मेहकरच्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत.

स्वातंत्र्याच्या चळवळीचा काळ होता आणि पोलीस जिथे तिथे हत्यारं हुडकत होते. सुलतानपूरच्या किसन नावाच्या शेतकऱ्याला विहीर खणताना एक गंजका खंजीर लागला. देवाची वस्तू समजून त्याने तो देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बांधावरून त्याच्याशी भांडण असलेल्या शेजाऱ्याने पोलिसांत वर्दी दिली, की किसनने घरात हत्यार लपवलंय. किसन कोठडीत गेला. फौजदाराचं म्हणणं सरळ होतं: खंजीर नवाच आहे, ओल्या मातीत पुरून गंजवलाय. किसनच्या वकिलांनी जाणकार म्हणून मास्तरांना साक्षीला बोलावलं. मी सोबत गेलो.

खंजीर हातात येताच मास्तरांचा चेहरा बदलला. मुठीचा शेवट पंख्यासारखा पसरलेला होता. वीरगळांवरून मी पुन्हापुन्हा काढलेली तीच मूठ! "हा जुना हाय," ते म्हणाले. "हजार वर्सं तरी."

सरकारी वकील उठले. "असा लोखंडी खंजीर यापूर्वी कधी हाताळलाय?"

"नाही."

"म्हणजे दगडावरची नक्षी पाहून सांगताय. ती नक्षी पाहून आजचा लोहारही अशी मूठ घडवील की नाही?"

मास्तरांनी मुठीवरून बोट फिरवलं. "घडवंल," ते म्हणाले. किसनच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "वस्तू नागपूरच्या जाणकारांकडे पाठवू. उत्तराला काही महिने लागतील. तोवर आरोपी आत राहील."

पिंजऱ्यातल्या किसनने दाराकडे पाहिलं. दारात त्याची बायको सुभद्रा उभी होती, दिवस भरत आलेली. मास्तरांनी हातातल्या खंजिराकडे पाहिलं. नागपूरला गेला तर तो जपला जाणार होता. त्याच्यासोबत मास्तरांचं नावही.

"साहेब, आजच समजू शकते," ते म्हणाले. "मोडून पाहावं लागंल. नवा असंल तर वाकंल, अन् आत लोखंड चमकंल. जुना असंल तर आत निस्ता गंज निघंल."

"आणि चमकलं तर?"

"तर मी चुकलो. अन् किसनले सजा होईल." ते किसनकडे वळले. "तू सांग बाप्पा. मोडू?"

किसनने पिंजऱ्याचा कठडा धरला. "मोडा गुरुजी. म्या पुरला नाही."

दोन्ही वकिलांनी संमती दिली. मास्तरांनी पातं टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि दाबलं. काही झालं नाही. फौजदार गालात हसला. मास्तरांनी डोळे मिटले आणि अंगाचा सगळा भार दिला. खापर फुटावं तसा आवाज झाला. मला तिकडे बघवेना.

"काळं आहे," मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले. तुटल्या जागी त्यांनी बोट फिरवलं, बोटाला तपकिरी भुकटी लागली. पापुद्र्यावर पापुद्रे होते, चमक कुठेच नव्हती.

किसन सुटला. बाहेर सुभद्रा पायांशी वाकू लागली, तसे मास्तर झटकन मागे सरले. "नको बाई, वाकू नको. घरी जाय." मग लिंबाखाली जाऊन ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तळहाताला लागलेला गंज त्यांनी बराच वेळ पुसला नाही.

तुकडे मिळावेत म्हणून त्यांनी अर्ज केला. पण जप्त केलेल्या इतर भंगाराबरोबर ते केव्हाच नष्ट केले गेले होते.

मास्तर जाण्याच्या आदल्या वर्षी नागपूरहून एक तरुण संशोधक त्यांना भेटायला आला. वीरगळांची माझी चित्रं पाहून तो हरखला. "मास्तर, प्रत्यक्ष लोखंडाचा नमुना कधी पाहिलात?"

"पाह्यला. म्याच मोडला." त्यांनी सगळी हकीकत सांगितली. संशोधक भराभर लिहून घेऊ लागला.

"हे लिहू नका."

"का? तुम्ही पाहिलात ना?"

"म्या पाह्यला. तुम्ही नाही पाह्यला. आता कोनाले दाखवताही येत नाही. मंग तुम्ही कसं लिहान?"

मी मध्ये पडलो, पण ते ऐकेनात. पुढे त्या संशोधकाचा लेख छापून आला. त्यात वीरगळ होते, माझी चित्रं होती, मास्तरांचे आभार होते. खंजिराबद्दल एक ओळही नव्हती. मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"बरोबर लिवलं हाय," ते म्हणाले.