जबलपूर ते अमरकंटक: पाणी जातं कुठे?

अमरकंटकचं ठरलं मामांच्या हट्टामुळे. मामा जबलपूरच्या खमरिया दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. मामी जाऊन दीड वर्ष झालंय, आणि डोळ्यांमुळे मामांना लांब गाडी चालवायची बंदी आहे. "तू ये, गाडी तू चालव," असा फोन आला आणि मी नागपूरहून रेल्वेने जबलपूर गाठलं.

सकाळी सातला कांचघरमधल्या मामांच्या घरून निघालो. डिसेंबरचं दाट धुकं. कुंडम-डिंडोरीमार्गे साधारण सव्वादोनशे किलोमीटर पडतात. मामा मागे जाऊन बसले. मला ड्रायव्हर करून टाकलं म्हणून चिडवलं, तर म्हणाले, "पुढे तुझी मामी बसायची."

हीटर लावला आणि गाडीत गोडसर वास पसरला, पाक गॅसवर जरा जास्त राहावा तसा. समोरची काच आतून धुरकटली, तीही फक्त डाव्या बाजूला. पुसली तर बोटं तेलकट.

"थंडी वाजते काय?" मामांनी विचारलं.

"नाही मामा."

"तुला नाही विचारून राहिलो."

आरशात पाहिलं. ते पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत होते. मी पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

कुंडमला पोहे-जिलेबी खाऊन घ्या, पुढे जेवणाचा भरवसा नाही. तिथेच बॉनेट उघडलं, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची टाकी निम्मी. गाडीखाली जमीन मात्र कोरडी. "रोजच भरतो मी," म्हणत मामांनी बाटलीतलं पाणी ओतलं. चलो.

डिंडोरीनंतर सालवृक्षांच्या जंगलात चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिएटरचा पंखा मात्र आपला आपण घरघरत राहिला, मग तोही थांबला. एक पान हलत नव्हतं. अशा वेळी अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. तोवर बाकीचं तपासलं. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. ऑइलची पट्टी स्वच्छ. पाणी इंजिनात शिरलं असतं तर ऑइल दुधट झालं असतं. पाणी बाहेर नाही, आत नाही. मला खरोखर भीती वाटली.

शेवटी पुढचं डावं दार उघडलं. खालची चटई ओली होती, बसणाऱ्याचे पाय टेकतात नेमकी तिथेच. बोट लावून हुंगलं. बुळबुळीत, गोडसर. कूलंटच.

"मामा, डॅशबोर्डमागची हीटरची जाळी फुटलीय. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातूनच फिरतं."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"मागच्या थंडीपासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू ठीक करून टाकली असती." पुढच्या सीटकडे बघत म्हणाले, "ती लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. असाच वास यायचा."

मला राग आला आणि रडूही. "पाणी संपलं तर इंजिन जाम होईल, मामा. इथे रेंज नाही, माणूस नाही."

ते उठले आणि डिकीतून वाकडा पाइपचा तुकडा, दोन क्लिपा आणि पेचकस घेऊन आले. वर्षभर हे सामान गाडीतच होतं म्हणे. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून त्यांनी त्या तुकड्याने एकमेकांना जोडले. क्लिपा स्वतः आवळल्या आणि टाकी पुन्हा भरली. आता पाणी हीटरकडे जाणार नव्हतं, आणि हीटरही चालणार नव्हता.

अमरकंटकला धर्मशाळेत खोली सहज मिळाली, नर्मदाकुंडावर गर्दी नव्हती. काच स्वच्छ, वास गेलेला, गाडीत कडाक्याची थंडी. परतीच्या वाटेवर मामांनी कोणालाच काही विचारलं नाही.

कांचघरला पोचल्यावर त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. मग चावी माझ्या हातात ठेवली.

"ठीक झाली आता. मी काय करू हिचं? तू घेऊन जा."

नको म्हणून पाहिलं, ऐकेनात. सिवनीमार्गे नागपूरपर्यंत काटा जागचा हलला नाही, आणि मला वाटभर अपराधी वाटत राहिलं. सामान मी मागच्या सीटवर ठेवलं होतं. पुढे जागा होती, पण तिथे बॅग ठेवायला हात धजावला नाही.